निर्धार पुरेसा आहे, हिशेब तोकडा आहे

प्रश्न : माझं वय २९. मूळ गाव इचलकरंजी, सध्या पुण्यात खासगी कंपनीत नोकरी करते. अण्णांचे (माझे वडील) आठ यंत्रमाग होते, खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून, चालायचे. नोटाबंदी, जीएसटी, २०१९ चा महापूर आणि त्यानंतरची टाळेबंदी, प्रत्येक वेळी माग बंद पडू नयेत म्हणून त्यांनी नवं कर्ज काढलं. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि कर्जाचा आकडा घरात पहिल्यांदा कळला. आज सहकारी बँकेचे १३ लाख (घर तारण, ११ टक्के व्याज), पतसंस्थेचे ५ लाख (जामीनदार मी), एका खासगी सावकाराचे ४ लाख, मामांचे ३ लाख, माझ्या क्रेडिट कार्डावर १ लाख २० हजार आणि मोबाइल ऍपवरून घेतलेले ४० हजार रुपये देणं आहे. बँकेला महिना १७ हजार, पतसंस्थेला ९ हजार, सावकाराला ५ टक्क्यांनी २० हजार व्याज आणि कार्डाचे ६ हजार जातात. माझा पगार ४८ हजार, भावाचा १५ हजार, शेडचं भाडं ९ हजार येतं. पुण्यात माझे आणि गावाकडे घरचे प्रत्येकी १५ हजार खर्च होतात, त्यात अण्णांची औषधंही आली.

पहिली दोन वर्षं नेटानं हप्ते भरले. मग माझी नोकरी गेली, चार महिने घरी बसले. दुसरी मिळाली ती कमी पगाराची. तेवढ्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, ते कार्डावर भागवलं. बँकेचे दोन हप्ते थकलेत. ऍपवाले माझ्या साहेबांना फोन करतात. रात्री तीनला जाग येते आणि मी मोबाइलवर आकडेमोड करत बसते. एक मुलगा लग्नासाठी विचारतो आहे, त्याला काहीच सांगितलेलं नाही. माझा टर्म इन्शुरन्स आहे, मी नसले तर त्यात सगळं फिटेल, असंही कधी कधी मनात येऊन जातं. माझाच निर्धार कमी पडतोय का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार.

विम्याबद्दलच्या त्या वाक्याला मी आधी उत्तर देते, कारण बाकीच्या सगळ्या हिशेबाला वेळ आहे, त्याला नाही. तुम्ही ते ‘मनात येऊन जातं’ इतक्या हलक्या शब्दांत लिहिले आहे, पण मी ते हलके धरणार नाही. महिनोन्‌महिने पुरेशी झोप नसलेले आणि रोज कोणाचा तरी तगाद्याचा फोन घेणारे मन हळूहळू स्वतःकडेही एक रक्कम म्हणून पाहू लागते. तसे होणे ही थकलेल्या मनाची अवस्था आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. हा विचार आजच्या आज एका माणसाला तोंडाने सांगा. भावाला सांगणे जड जात असेल तर खोलीतल्या मैत्रिणीला सांगा, पण सांगा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. रात्री तीनला जाग आली की मोबाइलवर आकडेमोड उघडण्याऐवजी हा क्रमांक लावावा, असे मी अगदी मनापासून सांगते. विचार वारंवार येऊ लागला किंवा त्याला एखादा बेत चिकटू लागला तर त्या रात्री एकटे राहू नका, सोबत कोणाला तरी घेऊन थेट रुग्णालयात जा. इतके दिवस झोप उडालेली असताना एरवीही डॉक्टरांना दाखवायलाच हवे. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि तिथला खर्च तुमच्या आजच्या परिस्थितीतही परवडेल असा आहे. तुमच्या घराला तुम्ही हव्या आहात. पगार ही त्यातली एक बाजू झाली. अण्णा-आईची मुलगी आणि भावाची बहीण ही कुठल्याही विम्याने भरून येणारी गोष्ट नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. निर्धार कमी पडतो आहे का, असे तुम्ही विचारले आहे. तुम्ही दिलेले आकडे मी कागदावर मांडून पाहिले. घरात महिन्याला ७२ हजार रुपये येतात, दोन्हीकडचा खर्च ३० हजार आहे, म्हणजे देण्यांसाठी ४२ हजार उरतात; आणि देणी आहेत ५२ हजारांची. दर महिन्याला दहा हजार कमी पडतात, आणि ही तूट ऍपच्या ४० हजारांना आणि मामांना हात न लावताच निघते. जगातला कोणताही निर्धार ४२ हजारांतून ५२ हजार काढू शकत नाही. ही तूट आजवर कुठे गेली असेल तर ती कार्डावर गेली आहे, थकलेल्या हप्त्यांत गेली आहे आणि तुमच्या झोपेत गेली आहे. ज्याला तुम्ही स्वतःचा कमकुवतपणा समजता, तो ताळेबंदातला खड्डा आहे, आणि तो नेमका कुठे आहे हेही त्याच आकड्यांत दिसते : सावकाराच्या वीस हजारांत.

चार लाखांवर महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ टक्के. तीन वर्षे तुम्ही हे व्याज भरत असाल तर एव्हाना ७ लाख २० हजार रुपये गेले आहेत आणि मुद्दल जिथल्या तिथे आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा कायदा नेमका अशा व्यवहारांसाठी आहे. परवानाधारक सावकारालाही मनाला येईल तो दर लावता येत नाही. शेतकरी नसलेल्या कर्जदारासाठी शासनाने ठरवून दिलेला कमाल दर तारणी कर्जाला वर्षाला १५ टक्के आणि विनातारण कर्जाला १८ टक्के आहे. शिवाय दामदुपटीचा जो जुना नियम आपल्याकडे ऐकून माहीत असतो, तो या कायद्यातही आहे : मुद्दलापेक्षा जास्त रक्कम व्याज म्हणून वसूल करता येत नाही. तुमच्या बाबतीत ती मर्यादा कधीच ओलांडली गेली आहे. आणि त्या माणसाकडे परवानाच नसेल, तर ती अवैध सावकारी आहे. तिला पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा आहे, आणि विनापरवाना सावकाराच्या बाजूने न्यायालय वसुलीचा हुकूमनामा देऊ शकत नाही.

तक्रार सहकार खात्याकडे करायची असते. तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था यांचे कार्यालय सावकारीचेही काम पाहते, तुमच्यासाठी ते हातकणंगले तालुक्याचे; त्यावर कोल्हापूरला जिल्हा उपनिबंधक आहेत. आधी एवढेच विचारा की या व्यक्तीच्या नावावर सावकारीचा परवाना आहे का. त्या उत्तरावर पुढचा मार्ग ठरेल. लेखी अर्ज आल्यावर खाते चौकशी करू शकते, झडती घेऊन कागदपत्रे ताब्यात घेऊ शकते. अर्जाला जोडण्यासाठी पुरावा जमवायला आजपासून सुरुवात करा. भावाने काही महिने व्याज मोबाइलवरून पाठवले असेल तर बँकेच्या खातेउताऱ्यात त्या नोंदी तारीखवार मिळतील. रोख दिलेल्या पैशांची कुणी वहीत, कॅलेंडरवर टिपणे केली असतील तर तीही जपून ठेवा. इचलकरंजीच्या बहुतेक कारखानदारांच्या घरी अशी एक वही असते, ती आईला विचारा.

अशा व्यवहारात सहसा कोऱ्या धनादेशांवर आणि मुद्रांक कागदावर सह्या घेतलेल्या असतात. अण्णांनी असे काही दिले असेल तर हे पाऊल वकिलाशिवाय टाकू नका. धनादेश बँकेत भरून तो न वटल्याची नोटीस पाठवणे हे अशा लोकांचे ठरलेले हत्यार असते. ती नोटीस आली तर पंधरा दिवसांची मुदत असते आणि ती पिशवीत टाकून विसरून गेल्यास फौजदारी खटला मागे लागतो. धनादेशांचे क्रमांक जुन्या चेकबुकच्या स्थळप्रतींवरून काढून ठेवा. वकिलाच्या फीची चिंता करू नका : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. अर्ज तुमच्या किंवा आईच्या नावाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करता येतो. सावकार गावातला आहे, दारात येऊन बोलेल, ही भीती मी समजू शकते. म्हणून भावाला एकट्याला त्याच्याकडे ‘आता व्याज बंद’ असे सांगायला पाठवू नका. आधी वकील, मग अर्ज आणि त्याची पोच, आणि धमकी आली तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार, हा क्रम मोडू नका.

हे वीस हजार थांबले की देणी ३२ हजारांवर येतात आणि महिन्याला दहा हजारांची तूट होती तिथे दहा हजार शिल्लक राहू लागतात. तोवर घरातला चहा-साखरेचा खर्च आवळत बसण्यात अर्थ नाही. तुमच्या पत्रातून मला दिसते की तुम्ही आवळता येईल तेवढे आवळले आहे; पुण्यात पंधरा हजारांत राहणे म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट, कोणते देणे कायद्याने कोणाचे आहे, ते वेगळे करून पाहा. अण्णांच्या कर्जाला मुले आपोआप बांधील नसतात. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, या आधारावर मुलावर दावा लावण्याची जी जुनी वाट होती, ती हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांसाठी बंद केली आहे. वारसांकडून वसुली होते ती वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतीच. तुमच्या यादीत कायद्याने तुमच्या अंगावर येणारी देणी तीन आहेत : पतसंस्थेचे, कारण तुम्ही जामीनदार आहात, कार्डाचे, आणि ऍपचे. बँकेच्या कर्जाला घर तारण आहे, म्हणून ते भरणे घरासाठी आवश्यक आहे. अण्णांचे देणे फेडू नका, असे मी सुचवत नाही. ते फेडण्याची तुमची इच्छा आदराची आहे. पण आपण काय नाइलाजाने भरतो आणि काय आपखुशीने, हे ठाऊक असलेला माणूस वसुलीवाल्यासमोर वेगळ्या आवाजात बोलतो. आणि एक विनंती : यापुढे घरातल्या कोणत्याही कर्जाला जामीनदार म्हणून सही करू नका, ‘फक्त फॉर्मॅलिटी’ म्हटले तरीही.

बँकेकडे मात्र याच आठवड्यात जा. दोन हप्ते थकले आहेत; थकबाकी नव्वद दिवसांच्या पलीकडे गेली की खाते अनुत्पादक ठरते आणि मग सरफेसी कायद्याची, म्हणजे न्यायालयात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकण्याची, वाट मोकळी होते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, असे स्पष्ट केले आहे. म्हणून ‘सहकारी आहे, ओळखीतली आहे, थांबतील’ यावर विसंबू नये. तरी घाबरूनही जाऊ नका : या कायद्याखाली आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते, तिच्यावर तुम्ही लेखी म्हणणे मांडू शकता आणि बँकेला त्याला कारणांसह उत्तर द्यावे लागते. शाखाधिकाऱ्यांना नोकरी गेल्याचा आणि नवी लागल्याचा कागद, आईच्या ऑपरेशनचे बिल आणि थकलेले दोन हप्ते सहा महिन्यांत विभागून भरण्याचा लेखी प्रस्ताव द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बँक कदाचित मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा पर्याय पुढे करेल. १३ लाखांना ११ टक्क्यांनी १७ हजारांचा हप्ता म्हणजे अजून साधारण अकरा वर्षे. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता पावणेपंधरा हजारांच्या आसपास येईल, पण एकूण चार लाखांहून अधिक रक्कम जास्त जाईल. सावकाराचे प्रकरण मार्गी लागणार असेल तर माझ्या मते मुदत वाढवू नये. ते लांबले आणि घर धोक्यात येऊ लागले, तर मात्र हा पर्याय घेण्यात कमीपणा मानू नका. उशिराच्या हप्त्यांवर बँक दंड आकारेल, पण रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकानुसार त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. खातेउतारा मागवून हे एकदा तपासा. थकीत रक्कम पूर्वीच्या पद्धतीने फुगवलेली आढळली तर लेखी हरकत घ्या, आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पतसंस्था मात्र लोकपालाच्या कक्षेत येत नाही, तिची तक्रार सहकार खात्याकडेच जाते.

पतसंस्थेचे नऊ हजार चुकवू नका, हे मी जरा जोर देऊन सांगते. थकबाकी झाली की संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते, आणि वसुली अधिकारी जामीनदाराच्या पगारापर्यंत पोहोचू शकतो. तो पगार तुमचा आहे आणि सगळे घर त्याच्यावर उभे आहे.

कार्डाचा प्रश्न आकाराने लहान, पण चिवट आहे. कार्डावरचे व्याज साधारणपणे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे तुम्ही भरता त्या सहा हजारांतले चार हजारांहून अधिक व्याजातच जातात आणि मुद्दल जेमतेम हलते. त्याच बँकेला ही बाकी मासिक हप्त्यांत रूपांतरित करून मागा. सोळा टक्क्यांच्या आसपास दर मिळाला तर जवळपास त्याच सहा हजारांत दोन वर्षांत सगळी बाकी संपते. ती संपेपर्यंत कार्ड घरी कपाटात ठेवा, त्याचा क्रमांक कुठल्या खरेदीच्या ऍपवर साठवलेला असेल तर तोही काढून टाका.

ऍपवाल्यांनी तुमच्या साहेबांना फोन करणे ही सरळ नियमबाह्य गोष्ट आहे. डिजिटल कर्जांबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा ऍपला तुमच्या मोबाइलमधली संपर्क यादी उघडण्याचा अधिकार नाही, आणि वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करण्याची, तसेच कर्जदाराच्या नातेवाइकांना किंवा सहकाऱ्यांना त्रास देण्याची मुभा कोणत्याही वसुली प्रतिनिधीला नाही. कर्जाच्या करारावर नोंदणीकृत वित्तसंस्थेचे नाव शोधा. नाव सापडले तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. नावच नसेल किंवा फोटो बदलून पाठवण्याच्या धमक्या येत असतील तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा. आणि तुमच्या साहेबांशी तुम्हीच आधी पाच मिनिटे बोला. ‘घरातल्या आजारपणामुळे कर्ज घ्यावे लागले, हे लोक नियम मोडून फोन करत आहेत, मी तक्रार केली आहे’ एवढे पुरेसे आहे. तुमच्याकडून ऐकलेली ही गोष्ट आणि अनोळखी आवाजातून ऐकलेली ही गोष्ट यांत फार अंतर पडते.

पहिल्या दोन वर्षांतल्या एका निर्णयाबद्दल मला बोलायचे आहे. तेव्हा तुम्ही हाती आलेला प्रत्येक रुपया देण्यांत घातला आणि घरात काहीच शिल्लक ठेवले नाही. त्यामागची तळमळ मला कळते. कर्ज असताना बचत करणे अनेकांना लबाडीसारखे वाटते. पण नोकरी जाणे, आईचे ऑपरेशन, पंचगंगेचे पाणी चढणे या गोष्टी अकरा वर्षांच्या प्रवासात येणारच होत्या आणि पुढेही येतील. हाताशी साठ हजार असते तर ऍप उघडावे लागले नसते. म्हणून सावकाराचे व्याज थांबल्यावर जे दहा हजार सुटतील, त्यातून आधी ऍपचे चाळीस हजार मिटवा, नंतर दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढे साठ हजार वेगळ्या खात्यात साठवा, आणि मगच कोणत्याही कर्जात हप्त्यापेक्षा जास्त भरण्याचा विचार करा. ती रक्कम पूर्ण होईपर्यंत मामांना हात जोडून थांबवा. त्यांच्याकडे फोनवर नको, घरी जाऊन, सगळा आकडा सांगून बोला. नात्यात टाळाटाळीचा राग येतो, उशिराचा तेवढा येत नाही. आजारपणासाठी आणखी एक सोय आहे : महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातल्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयांत मिळतात. पुढच्या वेळी दवाखान्यात भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. कार्ड त्यानंतरची गोष्ट.

आता घरातल्या माणसांविषयी. तुमच्या पत्रात ‘आम्ही’ हा शब्द एकदाही आलेला नाही. आकडे तुमच्याकडे, निर्णय तुमचे, फोन तुम्हाला, आणि रात्रीची जागही तुमची. अण्णांनी वर्षानुवर्षे कर्ज एकट्याच्या डोक्यात ठेवले आणि त्याचे काय झाले ते तुम्ही पाहिले आहे. आज तुम्ही तेच करत आहात. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा सगळ्यांसमोर एका वहीत ही सगळी देणी लिहून काढा, भावाच्या अक्षरात. बँक आणि पतसंस्थेकडे जाणे, पोच घेणे, हातकणंगल्याला अर्जाचा पाठपुरावा करणे ही कामे तो तिथे राहून करू शकतो आणि त्यानेच करावीत. लहान आहे म्हणून त्याला यापासून लांब ठेवणे ही त्याच्यावरची माया नाही, असे मला वाटते. महिन्यातून एक दिवस, हप्ते गेल्यानंतरचा, तासभर वही घेऊन बसायचे, फोनवरून का होईना. आणि तो तास सोडला तर एरवी आईशी बोलताना कर्जाचा विषय काढायचा नाही, हे दोन्हीकडून पाळा. रोजच्या प्रत्येक फोनमध्ये ‘त्यांचा माणूस येऊन गेला’ हे वाक्य असेल तर तुम्हाला झोप येणार कशी?

अण्णांना या बैठकीतून वगळू नका. त्यांचे शरीर एका बाजूने गेले असेल, पण कोणत्या कागदावर कुठे सही केली, सूत व्यापाऱ्याकडे कोणत्या बिलाची मजुरी येणे आहे, सावकाराकडून पहिली रक्कम कधी उचलली, हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे. शब्द फुटत नसतील तर मान हलवून, बोट दाखवून त्यांना सांगता येईल. हिशेब विचारताना ‘का घेतलं’ हा प्रश्न कोणाच्याही तोंडून येऊ देऊ नका, फक्त ‘कधी’ आणि ‘किती’ विचारा. खर्चीवाल्या कारखानदाराला पिकामागे (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) मिळणारी मजुरी आणि वीजबिल यांची तोंडमिळवणी गेल्या काही वर्षांत किती अवघड झाली, हे इचलकरंजीत राहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. तो उधळेपणा नव्हता, हे अण्णांना तुमच्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे. माग अजून घरचे असून बंद पडून असतील तर ते विकायचे की नाही, हाही निर्णय त्यांच्यासमोर आणि त्यांच्या संमतीने व्हावा. माझे मत विचाराल तर उभ्या उभ्या गंजणाऱ्या लोखंडापेक्षा त्याचे आलेले पैसे राखीव खात्यात असणे बरे. पण ज्याने आयुष्यभर तो खडखडाट ऐकला, त्याला हे स्वीकारायला दोन-चार महिने लागले तर लागू द्या.

तुमच्या स्वतःच्या पंधरा हजारांत दोन हजारांची भर घाला. त्यातून नीट जेवण, डॉक्टरांची फी, आणि एखाद्या रविवारी मैत्रिणीबरोबर कुठे जाणे एवढे भागले तरी चालेल. सावकाराचे देणे थांबल्यावर हिशेबात तेवढी जागा आहे, हे मी पाहून लिहिते आहे. आनंदाचे दोन तास घालवल्याबद्दल तुम्ही कोणाच्याही देणेकरी होत नाही.

त्या मुलाला सगळे सांगा. आकड्यासह, आणि कोणते देणे तुमच्या नावावर आहे, कोणते नाही, तेही सांगा. लग्नानंतर तुमच्या पगारातला किती भाग किती वर्षे माहेरी जाईल, हे आधीच स्पष्ट बोलून घ्या. त्याला सगळे माहीत झाल्यावर तो काय ठरवेल, ते त्याचे त्याला ठरवू द्या. आज तुम्ही त्याच्या वतीने नकार गृहीत धरून बसला आहात.

येत्या शनिवारी गावी जाता आले तर कामांचा क्रम असा ठेवा : सकाळी बँक, दुपारी घरात वही, आणि सोमवारी भावाने वकिलासाठी विधी सेवा समितीचे कार्यालय गाठायचे. डॉक्टरांची वेळ मात्र शनिवारच्या आधी, पुण्यातच घ्या. परवान्याच्या चौकशीचे उत्तर आले की मला पुन्हा लिहा. परवाना असेल तर आणि नसेल तर, पुढच्या अर्जाचा मजकूर वेगवेगळा असेल, आणि तो आपण इथेच, तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठीही, सविस्तर पाहू.